चाचांच्या अंगावर काय उठलं होतं?

आमच्या चाचांना पहिल्यांदा खाज सुटली ती मानेला. परभणीजवळच्या आमच्या गावात कब्रस्तानची देखभाल त्यांच्याकडे होती. पाऊस पडला की कबरींमधून कमरेएवढं गाजर गवत माजायचं आणि चाचा ते नुसत्या हातांनी उपटायचे. खाजेचा आणि या गवताचा संबंध तीन वर्षं आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आला नाही.

दुकानातून आणलेली ट्यूब लावली की आठ दिवस बरं वाटे, मग दुप्पट उठे. कुणी नायटा म्हणालं, कुणी रक्त बिघडलं म्हणालं. तिसऱ्या पावसाळ्यात डोक्यापासून पायापर्यंत अंग लालभडक झालं. कातडीचे पापुद्रे गादीवर पडू लागले, उकाड्यातही हुडहुडी भरू लागली. दस्तरखानवर त्यांचं ताट वेगळं मांडलं जाऊ लागलं. हे आम्हीच केलं. लिहिताना लाज वाटते, कारण हा आजार लागणारा नव्हताच.

अंगावरची जवळजवळ सगळी कातडी लाल होऊन सोलते तेव्हा शरीरातली ऊब आणि पाणी निघून जातं, जंतू शिरतात, हृदयावर ताण येतो. म्हणून त्वचारोगाच्या डॉक्टरांनी चाचांना आधी दाखल करून घेतलं आणि मग प्रश्न सुरू केले. गेल्या महिना-दोन महिन्यांत नवीन गोळी सुरू केली का? फिटची, युरिक अ‍ॅसिडची, सल्फाची? तोंडात, डोळ्यांत फोड आले का? (आले असतील, कातडी दुखून सुटत असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा, औषधाची अशी रिअ‍ॅक्शन जीव घेते.) घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते? मग खरूज असेल. पूर्वी कोपरा-गुडघ्यांवर पांढरे खवले होते? मग सोरायसिस. सगळ्याला चाचांचं उत्तर ‘नाही’.

शेवटी विचारलं, ‘कमी कधी होतं?’ चाची पटकन म्हणाल्या, ‘मुंबईला लेकीकडे महिनाभर राहिले की उतरतं. गावी आलो की पुन्हा.’

डॉक्टरांनी मग पापण्या, हनुवटीखालची जागा, कानामागचा भाग, कोपराची आतली घडी पुन्हा निरखली. उन्हाने उठणारं दुखणं अशा झाकल्या जागा बहुधा सोडतं. हवेतून उडणारी धूळ तिथेही पोचते. चाचांच्या पापण्या जाड झाल्या होत्या आणि दुखणं तिथूनच, मानेवरूनच पसरलं होतं.

अंग निवळल्यावर, गोळ्या उतरवल्यावर पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या. दोन दिवसांनी काढल्या, पुढे आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. गाजर गवताच्या पट्टीची जागा लाल होऊन फुगली होती. या गवताच्या केसाळ लवेत आणि परागकणांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. सगळ्यांनाच ते बाधत नाही. पण एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की ते सहसा सुटत नाही.

हे गवत आपल्या मातीतलं नाही. 1955-56च्या सुमारास ते पुण्यात दिसलं. परदेशी गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. पुढे पुण्याच्याच डॉक्टरांनी त्यापासून होणारा त्वचारोग नोंदवला. ते खाणारा मेक्सिकन भुंगा 1980च्या दशकात भारतात आणला गेला आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही तो वाढवून देतं. भुंगा गवत मुळासकट संपवत नाही, पण जोर मोडतो.

चाचांना काळजी वुजूची होती. डॉक्टर हसले. ‘खुशाल करा. कोमट पाणी घ्या, नंतर खोबरेल लावा. बाहेरून आल्यावर तोंड-हात धुणं तर तुमच्या फायद्याचंच.’

आता फुलं यायच्या आधीच, पूर्ण बाहीचे सदरे, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून मोहल्ल्यातली पोरं कब्रस्तान साफ करतात. चाचा त्या दिवसांत तिकडे फिरकत नाहीत. अब्बांच्या कबरीसाठी फातिहा घरूनच पढतात आणि संध्याकाळी पोरं परतली की अमुक कोपरा राहिला का, ते अंगणातूनच ओरडून विचारतात.