मिक्सर मध्येच का थांबतो?

चटणी वाटताना थांबणारा मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात सुरळीत फिरतो, कारण असा दोष उष्णता, कंप किंवा वायरीचा बाक असतानाच प्रकट होतो. मोटर फार तापल्यास तळाचे लाल बटण, म्हणजे जादा प्रवाह तोडणारी सुरक्षा-कळ, उडते आणि उन्हाळ्यात 40 अंशांपुढे तापणाऱ्या खामगावासारख्या ठिकाणी ते लवकर उडणे हा बिघाड नव्हे. स्विचमधील संपर्कबिंदू बहुधा चांदीमिश्रित असतात, कारण चांदी सर्व धातूंत विजेची सर्वोत्तम वाहक आहे. तरीही ठिणग्यांनी ते झिजतात. सर्वांत फसवी मात्र वायर: वरचे आवरण अखंड दिसते, पण आत तुटलेल्या तांब्याच्या तारा केवळ टोकांनी टेकलेल्या असतात. म्हणून प्लग काढून, जोडणी अखंड असेपर्यंत बीप देणारा मल्टीमीटर लावून वायर इंचाइंचाने वाकवावी. बीप जिथे तुटतो, तिथेच दोष असतो.