ग्रंथालयात घडलेला रॅपर

शिकागोच्या मध्यवर्ती भागात, स्टेट स्ट्रीटवर, लाल विटांची एक अवाढव्य इमारत उभी आहे. तिच्या छपराच्या कोपऱ्यांवर धातूची मोठाली घुबडं पंख उभारून बसलेली आहेत. हे हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालय, शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयांचं मुख्य केंद्र. १९९१ साली ते सुरू झालं. ज्यांचं नाव त्याला दिलं गेलं, ते हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. १९८३ मध्ये ते निवडून आले आणि १९८७ च्या नोव्हेंबरात, पदावर असतानाच, त्यांचं निधन झालं. त्यांच्या सहायकांमध्ये केन विल्यम्स-बेनेट होते. पुढे त्यांनी बराक ओबामा सिनेटर असताना त्यांच्याकडेही काम केलं. या केन यांचा थोरला मुलगा चान्सेलर बेनेट. आज जग त्याला ‘चान्स द रॅपर’ म्हणून ओळखतं. वडिलांनी ज्या महापौरांची सेवा केली, त्यांच्याच नावाच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या एका दालनात या मुलाची कला वाढली.

अमेरिकी रॅपरांची चरित्रं आपल्याकडे येतात ती बहुधा गोळीबार, तुरुंग आणि सोन्याच्या साखळ्या यांच्यासकट. चान्सच्या गोष्टीतही गुन्हेगारीची सावली आहे, मृत्यू आहे. पण तिच्या मुळाशी शहराच्या पैशातून चाललेली, कुणाही मुलाला फुकट खुली असलेली एक जागा आहे. म्हणूनच ही गोष्ट मला सविस्तर सांगाविशी वाटते.

चान्सचा जन्म १६ एप्रिल १९९३ चा. शिकागोच्या दक्षिण भागातल्या चॅटहॅम वस्तीत, ७९ व्या रस्त्याच्या परिसरात, तो वाढला. चॅटहॅम ही पिढ्यान् पिढ्या नोकरदार कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती: शिक्षक, टपाल खात्यातले, पालिकेतले लोक, स्वतःची नीटनेटकी विटांची घरं. आजूबाजूच्या भागांतली हिंसा मात्र तिच्या दारापर्यंत पोचू लागली होती. घरात राजकारणाची चर्चा, रविवारी चर्च, तिथलं गॉस्पेल गायन. रेडिओवर शिकागोच्याच कान्ये वेस्टचं गाणं कानावर पडलं आणि २००४ चा त्याचा ‘द कॉलेज ड्रॉपआउट’ हा अल्बम या मुलानं मनावर घेतला. टोळीत नसलेला, सुस्थित घरातला, आईचा लाडका मुलगाही रॅपर होऊ शकतो, हे त्याला त्या अल्बमनं दाखवून दिलं.

त्याची शाळा जोन्स कॉलेज प्रेप. तीही स्टेट स्ट्रीटवरच, ग्रंथालयापासून चालत पाचएक मिनिटांवर. हा योगायोग फार मोलाचा ठरला, कारण २००९ मध्ये ग्रंथालयानं मॅकआर्थर फाउंडेशनच्या मदतीनं फक्त शाळकरी किशोरांसाठी एक दालन उघडलं. नाव ‘यूमीडिया’. तिथे पुस्तकं होतीच. शिवाय लॅपटॉप, कॅमेरे, कीबोर्ड आणि ध्वनिमुद्रणासाठी छोटा स्टुडिओ. किशोरवयीन मुलं नवं काही कशी शिकतात, याच्या अभ्यासातून त्याची आखणी झाली होती. मुलं आधी नुसती येऊन बसतात, गप्पा मारतात; मग यंत्रांशी खेळून बघतात; मग त्यातली काही एखाद्या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागतात. तिन्ही अवस्थांना तिथे जागा होती. गुण नव्हते, परीक्षा नव्हती, आणि नुसत्या बसलेल्या मुलाला कुणी उठवत नव्हतं. ग्रंथालय चालवणाऱ्यांनी किती मोठा विश्वास टाकला होता! सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती महागडी उपकरणं द्यायची आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्यायचं, हे कोणत्याही सरकारी संस्थेला सहजासहजी जमणारं काम नव्हे.

तिथे मुलांना वाट दाखवायला कलावंत मंडळी नेमलेली होती. त्यांतले माइक हॉकिन्स स्वतः कवी. मुलं त्यांना ‘ब्रदर माइक’ म्हणत. ते एक खुला कट्टा चालवत. नाव ‘लिरिसिस्ट लॉफ्ट’. कुणीही उभं राहायचं आणि स्वतः लिहिलेलं म्हणून दाखवायचं: कविता असो, रॅप असो, गाणं असो. आपल्या साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्याची आठवण व्हावी असाच प्रकार, पण वर्षातून एकदा नव्हे, नियमित, आणि श्रोते सगळे समवयस्क. समवयस्कांसमोर शब्द अडखळला तर लगेच कळतं. चान्सच्या उच्चारातली ती लवचीक फेक, एका ओळीत चार यमकं गुंफून पाचवं हसत हसत टाकायची त्याची खोड, याच कट्ट्यावर घासून लखलखीत झाली.

आणि तो एकटा नव्हता. शिकागोत २००१ पासून ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’ हा किशोरांचा मोठा काव्यमहोत्सव भरत आला होता. याच शहराच्या दक्षिण भागातल्या ग्वेंडोलिन ब्रूक्स १९५० मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय साहित्यिक ठरल्या होत्या. बोलून दाखवायच्या कवितेची अशी जमीन तयार होती. नोनेम, साबा, मिक जेन्किन्स, जमिला वुड्स ही आज नावाजलेली मंडळी त्याच सुमाराला याच शहरातल्या अशा कट्ट्यांवरून पुढे येत होती.

२०११ च्या वसंतात, शाळेच्या शेवटच्या वर्षी, गांजा बाळगल्याबद्दल चान्सला शाळेनं दहा दिवसांसाठी घरी बसवलं. त्या दहा दिवसांत त्यानं गाणी लिहायला घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या एका मित्राचा भोसकून खून झाला. शिक्षेतून सुरू झालेलं काम आता खेळ राहिलं नाही. ‘टेन डे’ हा त्याचा पहिला संच ३ एप्रिल २०१२ रोजी आला. तो त्यानं इंटरनेटवर सरळ फुकट ठेवला.

अशा संचाला ‘मिक्सटेप’ म्हणतात, आणि मिक्सटेप म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. पूर्वी रॅपर आणि डीजे कॅसेटवर गाणी भरून गल्लीत, गाडीच्या डिकीतून विकत. पुढे त्याच्या सीडी झाल्या, मग ‘डॅटपिफ’सारख्या संकेतस्थळांवर फुकट उतरवून घ्यायच्या फाइली. मिक्सटेप हा अल्बम नव्हे: त्यामागे कंपनी नसते, करार नसतो, आणि वापरलेल्या जुन्या गाण्यांच्या तुकड्यांची रीतसर परवानगीही बहुधा घेतलेली नसते. नवा गायक मिक्सटेप काढायचा तो कंपनीचं लक्ष वेधण्यासाठी. कंपनी आली की मिक्सटेप संपली. चान्सनं हा क्रमच मोडला. कंपन्या आल्या, त्यानं नकार दिला आणि पुढचा संचही फुकटच काढला.

तो पुढचा संच म्हणजे ‘ॲसिड रॅप’, ३० एप्रिल २०१३. माझ्या मते आजवरचं त्याचं सर्वोत्तम काम. त्या काळात शिकागोचं नाव जगभर झालं होतं ते ‘ड्रिल’ या थंड, निर्विकार, बंदुकांच्या भाषेत बोलणाऱ्या शैलीमुळे. २०१२ मध्ये शहरात ५०० च्या आसपास खून झाले होते. ड्रिल गाणारी मुलं त्याच वास्तवातून बोलत होती. त्यांना खोटं म्हणता येणार नाही. पण चान्सचा सूर वेगळा होता. नाकातून येणारा, मध्येच चिरकणारा, अर्धा बोलका अर्धा गाता आवाज. पाठीमागे जॅझची तुतारी, गॉस्पेलचा ऑर्गन, शिकागोच्या नाचघरांतली जूकची धावती लय. या संचात ‘पुशा मॅन’ नावाचं गाणं आहे. ते खेळकर चालीत संपतं, थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि मग त्याच ट्रॅकवर दुसरं, लपवून ठेवलेलं गाणं सुरू होतं: ‘पॅरानोया’. त्यात भीती आहे. उन्हाळा सुरू झाला की शहरात मुलं मारली जातात, आणि बाहेरच्या जगाला त्याचं सोयरसुतक नसतं, हे वीस वर्षांचा मुलगा कसलाही आवेश न आणता सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीची धास्ती वाटणारं बालपण मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात इतक्या साधेपणानं ऐकलेलं नाही.

त्या संचाच्या बाबतीत एक विचित्र घटना घडली. चान्सशी काहीही संबंध नसलेल्या कुणीतरी त्याची चोरटी प्रत ऑनलाइन विकायला काढली आणि तिच्या विक्रीवर तो संच बिलबोर्डच्या एका यादीत जाऊन बसला. जे फुकट मिळत होतं, तेही लोकांनी पैसे देऊन घेतलं. २०१९ मध्ये ‘ॲसिड रॅप’ अधिकृतपणे स्ट्रीमिंगवर आला, तेव्हा त्यातलं ‘ज्यूस’ हे लाडकं गाणं मात्र येऊ शकलं नाही. त्यात वापरलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणाची परवानगी मिळाली नव्हती. त्या जागी चान्सचा अर्ध्या मिनिटाचा निरोप होता: हा ट्रॅक ऐकून जमणारे पैसे त्याच्या ‘सोशलवर्क्स’ या संस्थेला जातील.

मग पोट कसं भरायचं? कार्यक्रमांच्या तिकिटांवर, टी-शर्ट आणि टोप्यांवर. तिसऱ्या मिक्सटेपची खूण म्हणून तो ‘३’ आकडा असलेली टोपी घालू लागला आणि ती टोपी अमेरिकाभर पोरांच्या डोक्यावर दिसू लागली. ही तिसरी मिक्सटेप ‘कलरिंग बुक’, १३ मे २०१६. त्यात शिकागोच्या बालगायकांचा वृंद आहे, कर्क फ्रँकलिनसारखा गॉस्पेलचा दिग्गज आहे, आणि नुकतंच बापपण आलेल्या तरुणाचा आनंद आहे. बाजारात एकही प्रत विकायला नसताना, केवळ स्ट्रीमिंगच्या आकड्यांवर हा संच बिलबोर्डच्या मुख्य यादीत आठव्या क्रमांकावर आला. असं पूर्वी घडलं नव्हतं. ग्रॅमीचे नियम तोवर विक्रीला ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांनाच स्पर्धेत घेत. २०१६ च्या जूनमध्ये ते बदलले, आणि १२ फेब्रुवारी २०१७ रोजी चान्सला तीन ग्रॅमी मिळाली: सर्वोत्तम नवा कलाकार, सर्वोत्तम रॅप अल्बम आणि ‘नो प्रॉब्लेम’साठी सर्वोत्तम रॅप सादरीकरण.

त्याचं स्वातंत्र्य पूर्ण निर्भेळ होतं का? पुढच्याच महिन्यात त्यानं स्वतः जाहीर केलं की पहिले दोन आठवडे ‘कलरिंग बुक’ केवळ आपल्याकडे ठेवण्यासाठी ॲपलनं त्याला पाच लाख डॉलर दिले होते. काहींनी याला ढोंग म्हटलं. मला ते पटत नाही. ध्वनिमुद्रणांची मालकी त्याच्याकडेच राहिली, दोन आठवड्यांनी संच सर्वांना खुला झाला, आणि हिशेब त्यानं उघड केला. कंपन्यांशी झालेल्या कराराचा आकडा आपणहून सांगणारे गायक फार थोडे.

याच सुमारास शिकागोच्या सरकारी शाळांची तिजोरी रिकामी झाली होती. २०१३ मध्ये शहरानं सुमारे ५० शाळा बंद केल्या होत्या. २०१६ च्या अखेरीस राज्याचे गव्हर्नर ब्रूस राउनर यांनी शाळांना मिळायच्या २१.५ कोटी डॉलरच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. मार्च २०१७ मध्ये चान्स त्यांना जाऊन भेटला, रिकाम्या हातानं परतला, आणि तीन दिवसांनी दक्षिण भागातल्या एका प्राथमिक शाळेत उभं राहून त्यानं स्वतःचे दहा लाख डॉलर जाहीर केले. सप्टेंबरपर्यंत जमलेली एकूण रक्कम २२ लाखांवर गेली होती आणि तिचा भर शाळांतल्या कला आणि साहित्यावर होता. २०१८ मध्ये आणखी दहा लाख दिले, ते शहरातल्या मानसिक आरोग्याच्या सेवांसाठी. दहा लाखांनी २१.५ कोटींचं भगदाड बुजत नाही, हे उघड आहे. पण त्या दिवसानंतर गव्हर्नरांना शाळांच्या पैशाच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं.

ब्रदर माइक डिसेंबर २०१४ मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ चान्स आणि कवी माल्कम लंडन यांनी शाळकरी मुलांसाठी ‘ओपन माइक’ हा कट्टा सुरू केला. या नावात दोन्ही आहेत, कट्टा आणि माणूस.

पुढचा प्रवास चढाचा राहिला नाही. जुलै २०१९ मध्ये त्याचा पहिला रीतसर अल्बम ‘द बिग डे’ आला. बावीस ट्रॅक, सव्वा तासाहून जास्त. बिलबोर्डच्या यादीत दुसरा क्रमांक मिळाला, पण टीका सडकून झाली, आणि ती बरीचशी रास्त होती. गाण्यांची गर्दी फार, आधीची धार कमी. ठरलेला दौरा रद्द झाला. व्यवस्थापकाशी फाटलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. चान्स काही काळ मागे सरला. मग घानाची वाट धरली. जानेवारी २०२३ मध्ये त्यानं आणि शाळकरी वयापासूनचा मित्र विक मेन्सा यानं अक्रा शहरातल्या ब्लॅक स्टार चौकात एक महोत्सव भरवला. त्याचं नाव मार्कस गार्वी यांच्या १९१९ च्या ‘ब्लॅक स्टार लाइन’ या जहाज कंपनीवरून घेतलेलं. प्रवेश फुकट. त्याच प्रवासातून ‘स्टार लाइन’ हा अल्बम घडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘द बिग डे’नंतर सहा वर्षांनी.

यूमीडियाची दालनं आता शिकागोच्या अनेक शाखा-ग्रंथालयांत आहेत. ‘ॲसिड रॅप’मधल्या ‘लॉस्ट’ या गाण्यात जिचा आवाज आहे ती नोनेम, त्याच कट्ट्यावरची मुलगी, पुढे लॉस एंजेलिसला गेली. २०१९ मध्ये तिनं एक वाचक मंडळ काढलं आणि २०२१ मध्ये तिथे स्वतःचं ग्रंथालय उघडलं. तिच्या मंडळाची पुस्तकं तुरुंगांतल्या वाचकांनाही पाठवली जातात.