युरोपिअम-पॅलेडिअम-सिलिकॉन संयुगातील अपूर्णांकी संयुजा

मूलद्रव्याची संयुजा पूर्णांकी असते, हा रसायनशास्त्राच्या आरंभीच्या पाठांपैकी एक होय. विरल मृत्तिका गटातील काही आंतरधातवीय संयुगांचे मापन केले असता मात्र २·३ किंवा २·८ अशा संख्या मिळतात. या संख्यांचा अर्थ काय लावावयाचा? काही अणू द्विसंयुजी व काही त्रिसंयुजी असून ही केवळ त्यांची सरासरी आहे, की प्रत्येक अणूच या दोन अवस्थांमध्ये दोलायमान आहे? या प्रश्नाचा विचार करण्यास युरोपिअमचा १, पॅलेडिअमचे २ व सिलिकॉनचे २ अणू या प्रमाणात बनलेले संयुग विशेष उपयुक्त आहे. त्यातील असामान्य संयुजा-वर्तन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९८१ साली प्रसिद्ध केले.

प्रथम रचना पाहू. या संयुगाचा स्फटिक चतुष्कोणीय असून तो थोरिअम-क्रोमिअम-सिलिकॉन संयुगाच्या सुपरिचित रचना-प्रकारात मोडतो. एकक कोशिकेत दहा अणू असतात : युरोपिअमचे २, पॅलेडिअमचे ४ व सिलिकॉनचे ४. युरोपिअमचे अणू कोशिकेच्या कोपऱ्यांवर व मध्यभागी बसतात. पॅलेडिअमचे अणू सपाट चौकटींच्या थरात मांडलेले असतात व प्रत्येकाभोवती सिलिकॉनचे चार अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर येतात. खोलीच्या तापमानास तळाची बाजू सुमारे ४·२ अँगस्ट्रॉम व उंची सुमारे ९·९ अँगस्ट्रॉम भरते. सर्व युरोपिअम अणूंचा परिसर सारखाच असतो, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे. कारण स्फटिकात द्विसंयुजी व त्रिसंयुजी अणूंसाठी निरनिराळ्या जागा राखून ठेवलेल्या नाहीत.

द्विसंयुजी युरोपिअमच्या ४-एफ कवचात ७ इलेक्ट्रॉन असतात आणि त्याचे परिणामी चुंबकीय परिबल ७·९४ बोर मॅग्नेटॉन इतके मोठे असते. त्रिसंयुजी युरोपिअममध्ये ६ इलेक्ट्रॉन असून त्याच्या नीचतम अवस्थेचे परिबल शून्य असते. शिवाय त्याचे आकारमानही लहान असते. म्हणून एका इलेक्ट्रॉनाने ४-एफ कवच सोडले की स्फटिकाचे आकारमान व चुंबकत्व ही दोन्ही बदलतात. प्रयोगात नेमके हेच दिसते. खोलीच्या तापमानास सुमारे २·३ असलेली सरासरी संयुजा तापमान उतरविले असता १५० केल्विनच्या आसपास झपाट्याने वाढते व अतिनीच तापमानास सुमारे २·८ होते. त्याच वेळी तळाची बाजू सुमारे २ टक्क्यांनी आखडते, परंतु उंची जवळजवळ तशीच राहते. साध्या चुंबकीय पदार्थाची ग्राह्यता तापमान उतरताना वाढत जाते. येथे ती याच टप्प्यात एकदम घटते.

या स्थित्यंतराचे कारण असे : द्विसंयुजी अवस्थेत परिबलाच्या आठ दिशा शक्य असल्यामुळे तिची एंट्रॉपी अधिक असते व उच्च तापमानास तिला प्राधान्य मिळते. नीच तापमानास ऊर्जेचा विचार प्रबळ ठरून लहान आकारमानाची अवस्था सरस होते. जालक आखडू लागले की ती अवस्था आणखी अनुकूल बनते व बदलाला वेग येतो. सिलिकॉनच्या जागी मोठा जर्मेनिअम अणू घालून जालक सैल केले, तर शुद्ध जर्मेनिअम-संयुगात युरोपिअम द्विसंयुजीच राहतो व सुमारे १७ केल्विनखाली प्रतिलोहचुंबकीय क्रम प्रस्थापित होतो. पॅलेडिअमच्या काही भागाऐवजी सोने घातल्यास हेच स्थित्यंतर सलग न राहता उडी घेऊन घडते, असे १९८२ साली दाखविण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. युरोपिअम-१५१ च्या मॉसबाउअर मापनात द्विसंयुजी व त्रिसंयुजी अणूंच्या रेषा एकमेकींपासून सुमारे १० मिलिमीटर प्रतिसेकंद अंतरावर येतात. निरनिराळे अणू निरनिराळ्या अवस्थांत गोठलेले असते, तर दोन रेषा दिसल्या असत्या. प्रत्यक्षात एकच मुख्य रेषा दिसते व तापमानानुसार तिचे स्थान सरकत जाते. याउलट क्ष-किरण शोषणाच्या वर्णपटात सुमारे ७ ते ८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतरावर दोन स्वतंत्र शिखरे दिसतात. तापमानानुसार त्यांची उंची बदलते, जागा बदलत नाही.

हा विरोध वरवरचा आहे. मॉसबाउअर मापनात वापरल्या जाणाऱ्या २१·५ सहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या उत्तेजित अवस्थेचे अर्धायुष्य सुमारे १० अब्जांश सेकंद आहे. तेवढ्या अवधीत अवस्थांची असंख्य वेळा अदलाबदल झाल्यास अणुकेंद्राला केवळ सरासरी जाणवते. क्ष-किरण शोषणाचा काल याहून दशलक्षपटींपेक्षाही अधिक अल्प असतो. म्हणून ते मापन प्रत्येक अणूला एका क्षणी एकाच अवस्थेत पकडते. दोन्ही मापने एकत्र घेतली तरच इलेक्ट्रॉनाच्या ये-जा करण्याच्या कालावर दोन्ही बाजूंनी मर्यादा पडते.

ही ये-जा केवळ उष्णतेमुळे घडते काय? तिसंयुजी व द्विसंयुजी युरोपिअम असलेल्या एका सल्फाइडात (युरोपिअमचे ३ व गंधकाचे ४ अणू) १९६८ साली आढळले की, खोलीच्या तापमानास एकवटलेली रेषा थंड केल्यावर दोन रेषांत फुटते. म्हणजे तेथे इलेक्ट्रॉनाच्या उड्या मंदावतात. प्रस्तुत संयुगात ४ केल्विनलाही रेषा फुटत नाही. यावरून ही दोलायमानता उष्णताजन्य नसून पुंजीय स्वरूपाची आहे, असे ठरते.

नमुन्याच्या शुद्धतेविषयी दक्षता आवश्यक आहे. पॅलेडिअम १५५५° से. ला वितळतो, तर युरोपिअम त्याआधीच, सुमारे १५२९° से. ला, उकळतो, त्यामुळे संयुग बनविताना युरोपिअम उडून जाऊन प्रमाण बिघडू शकते. द्विसंयुजी युरोपिअमची थोडीशी अशुद्धीही अतिनीच तापमानास ग्राह्यता पुन्हा वाढविते आणि ती वाढ मूळ संयुगाची समजली जाण्याचा धोका असतो.

सारांश, २·८ ही संख्या कोणत्या मापनाने मिळाली व त्या मापनाचा काल किती, हे सांगितल्यावाचून तिचा अर्थ पूर्ण होत नाही.