डोंगरातली पहिली घरं (भाग ५) : गवताचा हिशेब

मागच्या आठवड्यात आपण अमेरिकेचा १८६२चा होमस्टेड कायदा पाहिला. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसानं सरकारी जमिनीपैकी १६० एकरांवर दावा लावायचा, तिथं घर बांधायचं, पाच वर्षं राहून जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करून ती आपल्या नावावर करून घ्यायची. सगळी मिळून फी १८ डॉलर. एकट्या बाईलाही हा हक्क होता. आज हाच कायदा घेऊन आपण डोंगरात जाऊ. वायोमिंग राज्याच्या पश्चिम कडेला टीटन काउंटी आहे. तिच्यातल्या उंच खोऱ्याला जॅक्सन होल म्हणतात. चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या सखल जागेला तिथले जुने शिकारी ‘होल’ म्हणत, त्यावरून हे नाव पडलं.

हा १६० एकरांचा आकडा आला कुठून? जमीन मोजणाऱ्यांनी सरकारी जमिनीवर एक मैल लांब, एक मैल रुंद असे चौकोन आखले होते. एका चौकोनात ६४० एकर, त्याचा पाव हिस्सा १६०. आयोवा-इलिनॉयच्या काळ्या, पावसाळी जमिनीत तेवढ्यावर एक कुटुंब चांगलं पोट भरत असे. जॅक्सन होल मात्र समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच. बर्फ नोव्हेंबरात पडतो तो एप्रिलपर्यंत हटत नाही, आणि दव गोठत नाही असे दिवस वर्षात जेमतेम साठ. मका इथं पिकत नाही. लवकर येणारे ओट, बार्ली, बटाटे कसेबसे हाती लागतात. भरवशाचं पीक एकच, गवत. त्यामुळे शेतकरी म्हणून आलेली माणसं इथं गुराखी झाली. गुरं पाळायची तर पुन्हा गवतच हवं, कारण सहा महिने जनावराला उघड्यावर खायला काही नाही.

जरा हिशेब मांडून पाहू. एका गाईला हिवाळाभर साधारण दोन टन वाळलं गवत लागतं. एकरी एक टन धरलं आणि १६० एकर अगदी कोपऱ्यापर्यंत गवताखाली आणले, तरी ऐंशी गाई होतात. पण घर, गोठा, दगडगोट्यांचा माळ आणि पाणी न चढणारा उतार वजा केल्यावर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यासुद्धा उरत नसत. उन्हाळ्यात गुरं डोंगरावरच्या सरकारी रानात चरायला न्यायची. १९०६पासून जंगलखात्यानं त्यालाही परवाना आणि शुल्क लावलं. कायदा लिहिणारे कुणी इथं एक हिवाळा काढून गेले असते तर आकडा वेगळा पडला असता, असं मला राहून राहून वाटतं. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, ते उमगायला बरीच वर्षं लागली. कोरड्या भागासाठी ३२० एकरांचा कायदा १९०९ साली आला आणि गुरं पाळणाऱ्यांसाठी ६४० एकरांचा १९१६ साली. तोवर डोंगरातली बरीच घरं मोडली होती.

जॅक्सन होलमध्ये पहिले दावे लागले १८८४ साली. जॉन हॉलंड आणि जॉन कार्न्स या दोघांनी ते लावले. कार्न्स यांच्या पत्नी मिली अंशतः मूलनिवासी वंशाच्या होत्या. या खोऱ्याच्या ‘पहिल्या वसाहतकारां’ची यादी सांगताना हा तपशील सहसा गळतो, म्हणून मुद्दाम नोंदवतो. पुढे १८८९ साली सिल्व्हेस्टर विल्सन यांच्याबरोबर मॉर्मन पंथाची काही कुटुंबं आयडाहोकडून टीटन खिंड ओलांडून आली. खिंड ८,४३१ फुटांवर. झाडं तोडत, वाट करत, एकेका गाडीला जास्तीचे घोडे जुंपून ती वर चढवत त्यांना दोन आठवडे लागले. तो पहिला हिवाळा त्यांनी काढला तो आधी येऊन राहिलेल्या एकट्या गड्यांनी मोकळ्या करून दिलेल्या लाकडी खोपट्यांत.

ही जमीन ‘मोकळी’ होती, असं कायदा धरून चालत होता. ते खरं नव्हतं. शोशोनी आणि बॅनॉक लोक कित्येक पिढ्या उन्हाळ्यात इथं शिकारीला येत. सरकारी पडीक जमिनीवर शिकार करण्याचा त्यांचा हक्क १८६८च्या फोर्ट ब्रिजर करारानं मान्य केला होता. जुलै १८९५ मध्ये खोऱ्यातल्या वसाहतकारांच्या हत्यारबंद टोळीनं राज्याच्या शिकारकायद्याचं नाव पुढे करून बॅनॉक कुटुंबांचा एक जथा पकडला. त्यांना घेऊन जाताना गोळीबार झाला. एक वृद्ध मारला गेला, एक लहान मूल हरवलं. पुढच्याच वर्षी या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल वायोमिंगच्या बाजूनं दिला. वायोमिंग राज्य झाल्यावर करारातला हक्क संपला, हा त्या निकालातला तर्क न्यायालयानं पूर्णपणे सोडून दिला तो २०१९ साली, दुसऱ्या एका जमातीच्या खटल्यात. होमस्टेड कुटुंबांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या कुंपणाच्या आत कुणाची वाट अडली, हे सोडून ती गोष्ट सांगणं मला पटत नाही.

कुंपणावरून आठवलं. इथल्या जुन्या कुंपणांना जमिनीत पुरलेले खांब क्वचितच दिसतात. दोन ओंडके कात्रीसारखे एकमेकांत अडकवून उभे करायचे आणि त्यांवर आडव्या बल्ल्या टाकायच्या. जमीन इतकी गोट्यांची की खड्डा खणणं म्हणजे दिवस वाया घालवणं. लाकूड मात्र डोंगरात मुबलक होतं.

माती बरी, वाऱ्याला आडोसा आणि जवळ नदी अशी जागा बघून काही मॉर्मन कुटुंबं ब्लॅकटेल ब्यूट या टेकडीच्या पायथ्याशी वसली. तिथं एकूण २७ होमस्टेड झाले. इतरत्र बहुतेक दावेदार आपापल्या १६० एकरांवर एकटे राहायचे. यांनी घरं एका रस्त्याला धरून जवळजवळ बांधली. त्या ओळीलाच पुढे ‘मॉर्मन रो’ नाव पडलं. १८९६पासून १९३७पर्यंत, चाळीस वर्षं, ही माणसं कुदळ-फावड्यानं आणि घोड्यांच्या जोड्यांनी पाट खणत होती. ग्रो व्हाँत्र नदीचं पाणी त्या पाटांनी गवताच्या रानात फिरवलं. एकट्याच्या बळावर पाट निघत नाही. गवतकापणीही एकट्याची नाही. जुलै-ऑगस्टच्या त्या थोड्या दिवसांत कापणी, वाळवणी, ओढणी आणि गंजी रचणं उरकावं लागे. गंजी नीट उतरती रचली नाही तर पाणी आत मुरून चारा कुजणार, आणि मार्चमध्ये दावणीला बांधलेली गाय उपाशी मरणार. त्यामुळे आज माझं रान, उद्या तुझं, असंच चालायचं. हिवाळ्यात रोज घोड्यांच्या घसरगाडीवर गवत लादून बर्फात गुरांपुढे टाकत जायचं. त्यातून एकही दिवस सुट्टी नाही.

या गंज्यांवर आणखी एक हक्कदार होता. एल्क, म्हणजे तिथलं मोठं हरीण, हिवाळ्यात हजारोंनी डोंगरातून खाली उतरे. त्याच्या जुन्या चरणीवर आता गुरांचे मळे, म्हणजे रँच, झाले होते. उपाशी कळप कुंपणं मोडून गंज्यांवर पडत. रात्री थंडीत गंजीची राखण करायची आणि सकाळी शिवारात मेलेली हरणं पाहायची, अशी दोन्हीकडून ओढाताण व्हायची. स्टीफन लीक नावाच्या तिथल्याच एका रँचमालकानं या उपासमारीचे फोटो काढून देशभर दाखवले. १९११ साली काँग्रेसनं त्यासाठी पैसे दिले आणि १९१२ साली जॅक्सन गावाला लागून एल्कसाठी राखीव रान झालं.

बायकांच्या नावावरचे दावेही खोऱ्यात होते. त्यांतल्या जेराल्डिन लुकास या मला फार जवळच्या वाटतात. न्यूयॉर्कमध्ये शिक्षिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्या एकट्या इथं आल्या आणि कॉटनवूड ओढ्याकाठी दावा लावून त्यांनी तो पूर्णही केला. १९२४ साली, साठीला टेकलेल्या असताना, त्या ग्रँड टीटन शिखर चढल्या. जॅक्सन गावात १९२० साली महापौर ग्रेस मिलर आणि त्यांच्याबरोबर चार बायका निवडून आल्या, सगळं नगरमंडळच बायकांचं. ग्रेसबाई स्वतः होमस्टेडवर राहिलेल्या होत्या.

पहिल्या महायुद्धानंतर गुरांचे भाव कोसळले आणि गवताचा हिशेब कायमचा तुटीत गेला. १९२५ साली पिअर्स कनिंगहॅम आणि साय फेरिन या दोन रँचमालकांनी एक अर्ज फिरवला. त्यावर ९७ जमीनमालकांच्या सह्या होत्या. आम्ही इथं गुरं पाळून पाहिली, ही जागा लोकांनी येऊन पाहण्यासाठी राखावी, आमच्या जमिनी विकत घ्याव्यात, असा त्याचा आशय. कनिंगहॅम यांचं गवत-मातीच्या छपराचं लाकडी घर आजही उभं आहे. अशा माणसानं त्या कागदावर सही करताना काय सोडलं असेल, याचा विचार करून पाहावा. १९२७पासून जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्या पैशानं एका कंपनीनं सुमारे ३५,००० एकर विकत घेतले. सुरुवातीला खरा खरेदीदार कोण, हे विकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ते उघड झाल्यावर खोऱ्यात जो कडवटपणा आला, तो १९५० साली ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यान आजच्या रूपात होईपर्यंत आणि त्यानंतरही टिकला. लुकासबाईंनी १९३८ साली वारेपर्यंत जमीन विकली नाही.

आपल्याकडची मंडळी यलोस्टोनला जातात तेव्हा वाटेत मॉर्मन रोला थांबून एका लाकडी कोठाराचा फोटो काढतात, मागे टीटनची शिखरं. ते थॉमस आल्मा मोल्टन यांचं कोठार. ते १९१२च्या सुमारास सुरू झालं आणि मुलांना हाताशी घेऊन बांधत बांधत तीस वर्षं चाललं. आधी सपाट छपराचा गोठा, मग त्यावर गवत साठवायला माळा, मग दोन्ही बाजूंना पडव्या. मोल्टन यांचं राहतं घर आता तिथं नाही. शिवारात माणसंही नाहीत. बाजूच्या काही पाटांना अजून पाणी येतं.