मोफत शस्त्रक्रियेचा खर्च

शस्त्रक्रिया विनामूल्य असली म्हणजे रुग्ण येतोच असे नाही, हा अनुभव मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला प्रारंभीच आला. शासकीय सेवेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांनिशी ते सुरू केले. गावोगावी शिबिरे भरत, मोतीबिंदू आढळलेल्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जाई. पण त्यांतील अनेक जण रुग्णालयात पोहोचतच नसत.

अज्ञानाला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. परंतु मजुरी करणाऱ्या वृद्धेला शहरात जायचे, तर दोघांचे बसभाडे, तेथील जेवणखाण आणि सोबत येणाऱ्या मुलाचा बुडणारा रोज, हे सारे तिलाच सोसावे लागे. रुग्णालयाच्या वहीत शून्य असलेली रक्कम तिच्या वहीत बरीच मोठी होती. त्यात डोळ्याला शस्त्र लागण्याचे भय, आणि ‘आता किती दिवस उरले?’ हा घराघरांत ऐकू येणारा प्रश्न.

उपाय साधा होता. शिबिरात निवड झालेल्या रुग्णांना त्याच दिवशी बसने मदुराईस न्यायचे. जेवण, मुक्काम, शस्त्रक्रिया आणि परतीचा प्रवास सारे विनामूल्य. एका गावची माणसे एकत्र निघाल्याने भीतीही वाटली गेली. चष्म्याचेही तसेच. नुसती चिठ्ठी हाती देण्याऐवजी शक्य तेथे शिबिरातच चष्मा तयार करून दिला जाऊ लागला.

या शिबिरांचा भार बहुधा स्थानिक व्यापारी व सेवाभावी मंडळे उचलतात. आपल्याकडेही वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ शिबिरे भरवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अहवालात तपासणी किती जणांची झाली हे ठळक छापले जाते. सल्ला मिळालेल्यांपैकी शस्त्रक्रिया किती जणांची झाली, हे क्वचितच कोणी विचारतो. माल रवाना झाला म्हणजे पोहोचला, असे पेढीवर मात्र कोणी धरत नाही.

मंडप व सत्कार यांवरचा थोडा खर्च बसकडे वळवता येईल. तारीख सुगीत किंवा बाजाराच्या दिवशी येऊ नये. आदल्या संध्याकाळी फोन करणारा, सोबत जाणारा गावातलाच एखादा तरुण हवा. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी रुग्णाला पुन्हा शहर गाठावे लागू नये. अरविंदचे पथक त्यासाठी पुन्हा त्याच शिबिरस्थळी येते.