दोन विजांचे भांडण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. एका संध्याकाळी लाइट गेली. मी बॅटरीत सेल घालत असताना आजी म्हणाली, "या सेलातली वीज हातात धरली तरी काही करत नाही, अन् तारेतल्या विजेनं मागल्या साली आपला बैल घेतला. वीज दोन जातींची असती का रं?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सारेच ठाऊक असणार, अशी घरच्यांची समजूत! मी मात्र गप्प बसलो. कला शाखेचा विद्यार्थी असलो तरी ते गप्प बसणे मनाला बोचले. सुट्टीनंतर ग्रंथालयात जे वाचले, ते येथे मांडत आहे.

आजीचे म्हणणे अर्धे खरे होते. सेलमधील प्रवाह एकाच दिशेने वाहतो. तो दिष्ट प्रवाह, म्हणजे डी. सी. घरातील तारेतला प्रवाह मात्र आपल्याकडे सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटतो. तो प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे ए. सी. घरोघर कोणत्या विजेने जावे, यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मोठे भांडण जुंपले होते.

४ सप्टेंबर १८८२ रोजी थॉमस एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. वीज डी. सी., दाब ११० व्होल्ट. दिवे उत्तम लागले. परंतु ही वीज मैलभरापलीकडे नेणे कठीण होते. वाटेतच पुष्कळशी वीज तारा तापवण्यात वाया जाई. यावर उपाय एकच : दाब वाढवणे. दाब दहापट केला, तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एक-दशांश पुरतो आणि तारेतील नुकसान एक-शतांशावर येते. पण एवढा दाब घरात कसा घ्यायचा? तो दाराशी पुन्हा उतरवायला हवा. हे काम ट्रान्सफॉर्मर करतो. गावाबाहेर आपण जिला डीपी म्हणतो, तिथे तो असतो. एका वेटोळ्यातील प्रवाह बदलत राहिला, तरच शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. डी. सी. एकसारखी वाहते, म्हणून तिला ट्रान्सफॉर्मरचा उपयोग नाही. एडिसनची खरी अडचण ही होती.

जॉर्ज वेस्टिंगहाउस या उद्योजकाने हे हेरले आणि ए. सी. ची बाजू घेतली. १८८८ साली त्याने निकोला टेस्ला याच्या ए. सी. मोटारीचे हक्क घेतले. हाच टेस्ला १८८४ मध्ये एडिसनच्या पदरी नोकरीस होता!

मग युक्तिवाद संपले आणि भीती सुरू झाली. ए. सी. प्राणघातक आहे हे दाखवण्यासाठी हॅरॉल्ड ब्राउन नावाच्या गृहस्थाने १८८८ मध्ये लोकांसमोर कुत्री मारून दाखवली. त्याला एडिसनच्या प्रयोगशाळेचे साहाय्य होते. ६ ऑगस्ट १८९० रोजी विजेच्या खुर्चीत पहिल्या कैद्याला देहान्त देण्यात आला, तोही वेस्टिंगहाउसच्याच यंत्रांवरील विजेने. पहिल्या झटक्यात तो मेला नाही. पुन्हा वीज सोडावी लागली. धोका अगदीच खोटा नव्हता. १८८९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये तारांवर काम करणारा एक कामगार भर गर्दीसमोर तारांच्या जाळ्यातच गेला. पण त्या वेळी लोकांचा राग तारांकडेही वळला आणि शहरातील अनेक धोकादायक तारा उतरवण्यात आल्या.

अखेर निकाल अंतराने लावला. १८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाउसच्या ए. सी. ने उजळले. १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरी पोचली. तोपर्यंत एडिसनच्या कंपनीच्या नावातून 'एडिसन' हा शब्दही गेला होता. १८९२ च्या विलीनीकरणानंतर ती 'जनरल इलेक्ट्रिक' झाली होती.

तरी हरलेली डी. सी. संपली का? नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत कुर्ल्यापर्यंत धावलेली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डी. सी. वर होती. मुंबईच्या लोकल २०१६ पर्यंत २५,००० व्होल्ट ए. सी. वर गेल्या खऱ्या. पण १९९९ पासून चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत, साडेसातशे किलोमीटर, वीज येते ती डी. सी. च्या रूपानेच! आता इलेक्ट्रॉनिक साधनांनी ए. सी. ची डी. सी. आणि पुन्हा ए. सी. करता येते, आणि फार लांबच्या पल्ल्यावर डी. सी. चे नुकसान कमी होते. म्हणजे ज्या अंतराने तिला हरवले, त्याच अंतराने तिला परत बोलावले.

पुढच्या खेपेस आजीला सांगितले, "वीज दोन प्रकारची खरी, पण बैल गेला तो प्रकारामुळे नव्हे, दाबामुळे. सेलाचा दाब दीड व्होल्ट, तारेतला शेकडो. तेवढ्या दाबाची डी. सी. असती तरी बैल वाचला नसता."

आजीने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आरं, पण तार तुटून शेतात आठ दिस पडली हुती, ती कुणी उचलली का न्हाई?"

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात नाही. ते कोणाकडे मागायचे, एवढे मात्र आता कळू लागले आहे.