ढगांतले गाव

(डोंगरावर राहणाऱ्या लोकांचे जीवन कष्टाचे असते. इंडोनेशिया देशातील अशाच एका गावाची, तेथील घरांची आणि तेथील मुलांपुढे असलेल्या प्रश्नाची माहिती या पाठात दिली आहे.)

भारताच्या आग्नेयेला समुद्रात इंडोनेशिया हा मोठा देश पसरलेला आहे. या देशात सतरा हजारांहून अधिक बेटे आहेत. इंडोनेशियाची भाषा आपल्याला परकी आहे, पण तिच्यातील काही शब्द ऐकले की नवल वाटते. तेथे शिक्षकाला ‘गुरू’ म्हणतात, जगाला ‘दुनिया’ म्हणतात, खुर्चीला ‘कुर्सी’ म्हणतात आणि गावाला ‘देसा’ म्हणतात. यांतले काही शब्द संस्कृतमधून गेले, तर काही अरबीतून. जुन्या काळी जहाजांतून माल जात असे, तसे शब्दही जात असत.

या देशाच्या पूर्व भागात फ्लोरेस नावाचे बेट आहे. ‘फ्लोरेस’ हा पोर्तुगीज शब्द आहे. त्याचा अर्थ फुले. बेट डोंगराळ आहे आणि त्यावर ज्वालामुखीही आहेत. बेटाच्या पश्चिम भागात मांगाराय लोक राहतात. त्यांच्या प्रदेशात, उंच डोंगरांच्या कुशीत, वाए रेबो हे लहानसे गाव आहे. मांगाराय भाषेत ‘वाए’ म्हणजे पाणी.

वाए रेबो समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तेथे मोटार जात नाही. डोंगराच्या पायथ्याशी डेंगे नावाचे गाव आहे. तेथपर्यंत आणि तेथून थोडे पुढे वाहन जाते. नंतर दाट जंगलातून पायवाटेने काही तास चढावे लागते. वाट ओली व निसरडी असते. चढण संपली की एकदम मोकळी जागा दिसते. चारही बाजूंना डोंगर, मध्ये हिरवे अंगण आणि अंगणाभोवती उंच टोपीसारखी दिसणारी सात घरे. सकाळी धुके उतरले की ही घरे ढगांत उभी असल्यासारखी वाटतात.

गावातील लोक आपल्या मूळ पुरुषाचे नाव मारो असे सांगतात. तो दूरच्या सुमात्रा बेटावरून आला आणि अनेक ठिकाणे बदलून शेवटी येथे स्थिरावला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ही गोष्ट कोठे लिहिलेली नव्हती. वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगितली आणि अशीच ती पिढ्यान् पिढ्या चालत आली.

येथील घराला ‘म्बारू नियांग’ म्हणतात. घर गोल असते आणि त्याचे छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत येते. छपरासाठी गवत आणि ताडासारख्या झाडाचे तंतू वापरतात. लाकडे एकमेकांत अडकवून वेताने घट्ट बांधतात. खिळे लागत नाहीत. घराच्या मध्यभागी चूल असते. तिचा धूर वर चढतो आणि छपरातून बाहेर पडतो. डोळ्यांना तो झोंबतो खरा, पण त्यामुळे लाकूड व गवत कोरडे राहते आणि त्यांना कीड लागत नाही.

या घराला पाच मजले असतात. सर्वांत खालच्या मजल्यावर माणसे राहतात. एकेका घरात अनेक कुटुंबे एकत्र राहतात. दुसऱ्या मजल्यावर रोजचे धान्य व वस्तू ठेवतात. तिसऱ्या मजल्यावर पुढच्या पेरणीचे बियाणे असते. चौथ्या मजल्यावर दुष्काळासाठी राखलेला साठा असतो. पाचवा मजला अगदी लहान असतो. तेथे पूर्वजांसाठी नैवेद्य ठेवतात. म्हणजे खालच्या मजल्यावर आजचा दिवस, तिसऱ्यावर पुढचा हंगाम आणि चौथ्यावर कधी तरी येणारे संकट! ज्या गावाला बाजार जवळ नाही, त्याला असा विचार करावाच लागतो.

गावाचे मुख्य पीक कॉफी आहे. कॉफीची फळे पिकून लाल झाली की स्त्री-पुरुष ती हातांनी तोडतात. मग फळांची साल काढून बिया अंगणात उन्हात वाळवतात. वाळलेल्या बियांची पोती खांद्यावर घेऊन लोक डोंगर उतरतात आणि बाजारात विकतात. येताना तांदूळ, मीठ, तेल अशा वस्तू पाठीवर घेऊन पुन्हा डोंगर चढतात. गावात भाताची शेती नाही. त्यामुळे रोजच्या जेवणातला भातही डोंगर चढूनच येतो. स्त्रिया हातमागावर ‘सोंगके’ नावाचे सुंदर नक्षीचे कापड विणतात.

हे सर्व वाचून हे गाव फार सुखी आहे असे वाटेल. पण येथील अडचणीही मोठ्या आहेत. कोणी आजारी पडले, तर दवाखाना गाठण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. ज्याला चालवत नाही, त्याला इतरांनी उचलून न्यावे लागते. गावात शाळा नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावकऱ्यांनी खाली कोंबो येथे दुसरी वस्ती केली. तेथून शाळा, रस्ता आणि भाताची शेते जवळ आहेत. मुले शाळेसाठी कोंबोला राहतात आणि सुटीत वर घरी जातात. गाव एकच, पण राहण्याच्या जागा दोन!

येथेच गावापुढील खरा प्रश्न उभा राहतो. शाळेत गेलेली मुले पुढे शहरात शिकतात. तेथे नोकरी मिळते, दिवे असतात, रस्ते असतात. मग ती परत का येतील? आणि ती आली नाहीत, तर म्बारू नियांग कोण बांधेल?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. एके काळी सात असलेल्या घरांपैकी चारच उभी राहिली होती. नवे घर बांधण्यास पुष्कळ लाकूड, मनुष्यबळ व पैसा लागतो. घर बांधलेच नाही, तर ते बांधण्याची विद्याही विसरली जाते. सन २००८ मध्ये योरी अंतार हे इंडोनेशियन वास्तुशिल्पी आपल्या सहकाऱ्यांसह या गावात आले. त्यांनी ही स्थिती पाहिली. त्यांच्या प्रयत्नांनी घरे पुन्हा बांधण्यासाठी पैसा उभा राहिला. पण बांधकाम बाहेरच्या कारागिरांनी केले नाही. ते गावकऱ्यांनीच केले. वृद्धांनी सांगितले आणि तरुणांनी हातांनी करून शिकून घेतले. पुन्हा सात घरे उभी राहिली. सन २०१२ मध्ये युनेस्कोने या कामाला आशिया व प्रशांत विभागातील वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार दिला.

पुरस्कारानंतर गावात देशोदेशींचे पाहुणे येऊ लागले. पाहुण्याला प्रथम मुख्य घरात नेतात. तेथे वडीलधारी माणसे त्याचे विधिपूर्वक स्वागत करतात. मगच त्याला गावात फिरता येते. पाहुण्यांमुळे वाट दाखवणे, स्वयंपाक करणे, सामान वाहणे अशी कामे मिळाली. कॉफी आणि सोंगके यांनाही दारातच गिऱ्हाईक मिळाले. काही तरुणांना गावातच राहून कमावण्याचा मार्ग सापडला.

मात्र पाहुण्यांवर सारी भिस्त ठेवणे धोक्याचे असते. सन २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे इंडोनेशियाने परदेशी पर्यटकांना प्रवेश बंद केला. अशा वेळी कॉफीची बाग आणि शेतच उपयोगी पडते. चौथ्या मजल्यावर साठा राखणाऱ्या लोकांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही.

इंडोनेशियात २०१४ साली गावांसाठी नवा कायदा झाला. त्यानुसार २०१५ पासून सरकार प्रत्येक ‘देसा’ला विकासासाठी थेट निधी देते. पाणी, पायवाटा, आरोग्य अशी कामे त्यातून करता येतात. कोणते काम आधी करायचे, हे गावाने बसून ठरवायचे असते.

मुलांनी शिकावे की गावात राहावे, असा हा प्रश्न नाही. शिकलेल्या मुलाला परत यावेसे वाटले, तर त्याला तेथे काम आणि उपचार मिळतील का, हा खरा प्रश्न आहे. तसे झाले, तर वाए रेबोच्या चुली पेटत्या राहतील आणि त्यांचा धूर त्या उंच छपरांचे रक्षण करीत राहील.

शब्दार्थ

आग्नेय – पूर्व व दक्षिण यांमधील दिशा
परंपरागत – पूर्वीपासून चालत आलेली
नैवेद्य – श्रद्धेने अर्पण केलेले अन्न
वास्तुशिल्पी – इमारतींची रचना करणारा
वारसा – पूर्वजांकडून मिळालेला ठेवा
भिस्त – भरवसा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘वाए’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) घराच्या तिसऱ्या मजल्यावर काय ठेवतात?

प्र. २. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) चुलीच्या धुराचा घराला कोणता उपयोग होतो?
(आ) घरे गावकऱ्यांनीच बांधली, याचा कोणता फायदा झाला?

प्र. ३. इंडोनेशियन भाषेतील जे शब्द पाठात आले आहेत, त्यांपैकी उर्दूत वापरले जाणारे शब्द शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.